टेबलावर न मावलेली गल्ली

काकूंना स्टेशनवरून घरी यायचा रस्ता आठवेनासा झाला, तेव्हा काकांनी आपल्या हौसेच्या छोट्या रेल्वेभोवती पुठ्ठ्याचं अख्खं गावच उभं केलं. स्टेशन, पाण्याची टाकी, दवाखाना आणि लाल कौलांचं त्यांचं घर. टेबल अपुरं पडलं, म्हणून दवाखाना आणि घर यांच्यामधली एक गल्ली त्यांनी गाळली. छोट्या रेल्वेचे हौशी अशी काटछाट करतातच. बघणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

रोज दुपारी काका गाडी स्टेशनात थांबवायचे आणि काकू रस्त्यावरून बोट फिरवत घरी यायच्या. आधी चुकायच्या, रडकुंडीला यायच्या. हळूहळू रस्ता तोंडपाठ झाला. "बघा, आले की नाही!" म्हणत त्या लाल कौलांवर टिचकी मारायच्या आणि काकांना आभाळ ठेंगणं व्हायचं.

म्हणूनच आज खऱ्या स्टेशनाबाहेर त्यांनी काकूंचा हात सोडला. "तू हो पुढे, मी आलोच."

ते बरंच अंतर ठेवून मागे चालत राहिले. टाकीपाशी काकू अचूक वळल्या. दवाखाना आला. त्याला लागून असलेल्या घराचं दार त्यांनी हक्काने वाजवलं. एका अनोळखी बाईने ते उघडलं, काहीतरी विचारलं आणि लावून घेतलं.

काका धापा टाकत पोचले, तेव्हा काकू बंद दाराला हात लावून उभ्या होत्या.

"अहो, मी कुठ्ठेही चुकले नाही हो. आपलं घर कोणी हलवलं?"