भिंतीपलीकडची चांदी

रोहिणीनं चांदी विकून टाकली, हे भीमाशंकरला भिंतीतून कळलं.

रात्रीचे साडेदहा झाले होते. दोन भाऊ वेगळे निघाले तेव्हा घराच्या मधोमध एका विटेची भिंत घातली होती. पलीकडे धाकट्या भावाची बायको रोहिणी हिचा नेहमीचा आवाज सुरू झाला होता; फोनवर नवऱ्याला दिवसाचे सौदे सांगत असणार. नवरा उत्तरेश्वर एसटीत कंडक्टर, आठवड्यातले चार दिवस मुक्कामी गाडीवर. चांदीचा वायदेबाजार रात्री साडेअकरापर्यंत चालायचा, तो बंद व्हायच्या आत ती सगळं बोलून घ्यायची. आज किती चांदी घेतली, भाव कुठं गेला की विकायची, पडला तर किती तोटा सोसून बाहेर पडायचं. भीमाशंकर पलंगावर उठून बसायचा, भिंतीला कान लावायचा आणि तोच सौदा आपल्या मोबाइलवर करायचा. तोट्याचं बोलणं सुरू झालं की मात्र कान काढून घ्यायचा. ते बायकी भित्रेपण त्याला नको होतं.

केजच्या बाजारपेठेत भीमाशंकरचं भांड्यांचं दुकान. चांदीच्या सौद्यात तो रोहिणीच्या आधी उतरला होता आणि पहिल्याच वर्षी तोंडावर आपटला होता. साऱ्या गल्लीला ते ठाऊक होतं. मग हिनं सुरू केलं. दहावी नापास बाई, कधी एक किलोच्या वर हात घातला नाही, आणि तरी लेकीची फी भरली, स्कूटी घेतली, पत्रे काढून स्लॅब टाकला. गल्लीतल्या बायका तिला हळदीकुंकवाला मानानं मधे बसवू लागल्या. भीमाशंकरचा जळफळाट व्हायचा. गेल्या सहा महिन्यांत तिच्या मागं मागं जाऊन त्यानंही बरे पैसे मिळवले, पण जीव काही गार झाला नाही. दुसऱ्याच्या अकलेवर मिळवलेला पैसा अंगी लागत नाही म्हणतात. याला तर तो टोचतच होता.

समोरासमोर विचारायची सोय नव्हती. त्यांच्या घरात भावजय थोरल्या दिराशी थेट बोलत नाही. बारा वर्षांत रोहिणी त्याच्याशी एक शब्दही बोललेली नव्हती. काही निरोप असला तर तो सासूबाई ताराबाईंच्या तोंडून यायचा, आणि ताराबाई गेल्या दिवाळीत वारल्या.

"मी समदी चांदी विकून मोकळी झाले," भिंतीपलीकडून आवाज आला. "आज राती अमेरिकेत काय तरी जाहीर व्हणार हाय. सकाळी भाव कसा बी उघडंल. आज कुणी एक किलो बी हातात ठिऊ नये."

तिनं ते पुन्हा सांगितलं. थोड्या वेळानं आणखी एकदा सांगितलं.

भीमाशंकर अंधारात हसला. भ्याली शेवटी. सहा महिने तो तिच्या मागून चालला होता, आज पुढं जायची संधी आली होती. एकदा तरी तिच्याशिवाय आणि तिच्यापेक्षा जास्त कमवायचं. लग्नसराईचा माल भरायला साडेचार लाख बाजूला ठेवले होते. ते त्यानं सौद्याच्या खात्यात अनामत म्हणून वळते केले आणि तेवढ्यावर दहा किलो चांदीचा सौदा केला; वायद्यात पुरी किंमत मोजावी लागत नाही. बायकोला सांगितलं नाही. उद्या सांगू, पेढे घेऊनच सांगू, असं ठरवून तो आडवा झाला.

सकाळी नऊला बाजार उघडला तो किलोमागं तीस हजारांनी खाली. पहिल्याच मिनिटाला तीन लाख गेले. त्यानं उरलंसुरलं सोडवलं. यंदाची लग्नसराई बुडाली. दुकानात मांडायला माल नव्हता आणि बायकोला सांगायला तोंड नव्हतं. पण त्याहून जास्त सलत होतं ते हे, की भिंतीपलीकडं सगळं सुखरूप होतं.

तो तसाच बाहेर आला. उत्तरेश्वर ड्यूटीवरून येऊन खाकी कपड्यातच ओट्यावर चहा पीत होता. त्याला पाहून भीमाशंकरच्या पोटातलं सगळं ओठावर आलं.

"तू मुक्कामी असलास की राती बायको तुला फोनवर समदं सांगती. सख्ख्या भावाला त्यातला एक शब्द सांगायला तुझी जीभ झडती का बे?"

उत्तरेश्वरनं कप खाली ठेवला.

"मला कवा सांगती, दादा? मुक्कामाच्या गावात फोनला रेंजच न्हाई. राती आमचं बोलणंच व्हत न्हाई."

भीमाशंकरची नजर घरामधल्या भिंतीकडं वळली. तेवढ्यात दाराआडून रोहिणीचा आवाज आला. रीत न मोडता ती नवऱ्यालाच म्हणाली,

"भाऊजींना इचारा, काल राती तीनदा सांगितलं व्हतं. ऐकू आलं न्हाई का?"