दीदीची सुट्टी

"दीदी कुठे?" आशयने विचारलं तेव्हा गाडी सोसायटीच्या गेटबाहेरही पडली नव्हती.

"दीदीला आज सुट्टी," रेवती म्हणाली. "आज आई आहे ना!"

अडीच वर्षांच्या आशयने आईकडे एकवार पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याची जुळी बहीण अन्वी एका पायातला बूट काढण्यात गुंतली होती. गाडी चालवणारा विक्रांत गालातल्या गालात हसला. त्याने हसायला नको होतं.

गुरुग्रामच्या त्या बाविसाव्या मजल्यावर राज्य होतं कुसुमचं. बिहारातल्या कटिहारची कुसुम, पंचविशीतली. सोसायटीत मुलं सांभाळणाऱ्या बायकांना सगळेच दीदी म्हणतात, तशी ती जुळ्यांचीही दीदी. भरवायची ती, झोपवायची ती, पडलं-झडलं की हाकही तिलाच. तशी रेवतीने तिला पारखूनच घेतली होती. पहिली अट, पदरात लहान मूल नको. "नहीं है, भाभी," कुसुम म्हणाली होती.

मुलांना तिचा लळा लागला, हेही रेवतीने चालवून घेतलं असतं. पण मागच्या महिन्यात ती एकदा दुपारीच घरी आली. मुलांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून कुसुमचा लाडिक आवाज येत होता.

"बोलो बेटा, मम्मी. एक बार. मम्मी."

रेवतीच्या पायाखालची जमीन सरकली. त्या घरात मम्मी कुणी नव्हतीच. रेवती आई होती, पहिल्या दिवसापासून आई. मग ही मम्मी कोण? तिने दार ढकललं तर कुसुम दचकून उठली आणि हातातला फोन तिने ओढणीआड लपवला. मुलं आपली खाली ठोकळे रचत बसली होती.

"गोड बोलून मुलं आपलीशी करतेय," रेवती त्या रात्री म्हणाली.

"काहीही हं, यार!" विक्रांतने उडवून लावलं.

त्यानंतर गेल्या आठवड्यात कुसुमने विक्रांतला विचारलं, "भैया, छोटे बच्चों को शेर कहाँ दिखाते हैं?" या भोळ्या सांबाने तिला सफारी पार्कचा पत्ता, मेट्रो स्टेशन, सगळं सांगून टाकलं. वर कुसुमने रविवारची सुट्टीही मागितली. गावाहून पाहुणे येणार म्हणे.

माझ्या मुलांना पहिला सिंहही हीच दाखवणार? रेवतीचं डोकंच फिरलं. तिने त्याच रविवारची तिकिटं काढली. आज निघताना मनाशी ठरवलं, दिवसभरात एकदा, फक्त एकदा, घाबरलेलं लेकरू आपणहून माझ्याकडे येऊ दे. आलं, की कुसुमला रामराम. मेसेज तर कालच लिहून ठेवला होता. "कल से मत आना." पाठवायचा तेवढा बाकी होता.

जाळीच्या खिडक्यांच्या बसमधून त्यांनी सिंह पाहिला. तो झाडाखाली पाय पसरून झोपला होता. रविवार त्याचाही असावा. एवढा वनराज समोर, आणि अन्वीला कौतुक जाळीवरच्या कावळ्याचं! आशयने डब्यातला तूपभात थुंकून टाकला. "दीदीवाला," तो म्हणाला. रेवतीने त्याचं तोंड पुसलं.

हरणांच्या कुंपणापाशी अन्वी धडपडली. गुडघा खरचटला. रेवती धावली, पण अन्वी तिच्या हातांतून अंग ताणून मागे झुकत, गर्दीत कुणाला तरी शोधत रडत राहिली. "दीदी! दीदी!" बाजूच्या एका बाईने विचारलं, "मौसी हो आप?" रेवतीला तिथेच रडू कोसळलं. विक्रांतने अन्वीला घेतलं आणि पाण्याची बाटली रेवतीपुढे धरली.

आणि मग शहामृगाने घात केला, किंवा उपकार म्हणा. कुंपणावरून मान काढून त्याने आशयच्या टोपीवर चोच मारली. आशयने जी बोंब ठोकली! धावत येऊन त्याने रेवतीच्या पायांना मिठी मारली.

"आई! आई गं!"

तिने त्याला उचलून घट्ट धरलं. त्याचं नाक तिच्या खांद्याला पुसलं जात होतं, पण तिला त्याचंही सुख वाटत होतं. मोकळ्या हाताने तिने फोन काढला.

"अगं, एका शहामृगाच्या भरवशावर?" विक्रांत म्हणाला. "एकदा बोल तरी तिच्याशी."

"बिल्कुल नाही," म्हणत रेवतीने मेसेज पाठवला. एकच टिक आली. जाऊ दे, पोचेल संध्याकाळपर्यंत. तिला कित्येक दिवसांनी हलकं वाटत होतं.

परतीच्या वाटेवर, पार्कच्या गेटजवळच्या नळापाशी, दहा-बारा वर्षांची दोन मुलं उकिडव्या बसलेल्या एका पाठमोऱ्या बाईची ओढणी खेचत होती. "दीदी, पानी!" "दीदी, शेर देखना है, चलो ना!" रेवतीने लक्ष दिलं नाही. इथे काय, ज्याची त्याची दीदी. आशयला कडेवर सावरत ती पुढे निघाली.

"बोलो बेटा, मम्मी. एक बार. मम्मी."

रेवतीचे पाय जागीच थबकले. आवाज तोच होता, लाडही तोच. पाठमोऱ्या कुसुमसमोर एक म्हातारी उभी होती आणि म्हातारीच्या पदराआड लपलेली, जेमतेम तीन वर्षांची एक मुलगी. कुसुमने तिच्यापुढे दोन्ही हात पसरले होते. गावाहून येणारे पाहुणे ते हेच.

"बोल दे बिटिया," म्हातारी म्हणाली. "फोन पर रोज बोलती थी न? माँ है तेरी."

रेवतीने घाईघाईने फोन काढला. मेसेजखाली आता दोन टिक दिसत होत्या. पोचला होता.

मुलीने आधी 'दीदी, दीदी' करणाऱ्या त्या दोन मोठ्या मुलांकडे पाहिलं, मग कुसुमकडे, आणि पदर आणखी घट्ट धरून ती म्हणाली, "दीदी."