जागा सांगायची नाही

पडद्यावर फूल उमटले, आणि हेल्मी कांगासच्या हातातील कॉफीचा पेला ओठांपर्यंत जाता जाता थांबला.

शुभ्र पाकळ्या आणि त्यांच्या मध्यभागी गुलाबी, फुगीर पिशवी. त्या फुलाला तिथे मोजडी म्हणत. एकाच गड्ड्यातून देठांचा झुबका निघाला होता, आणि त्यांतील एक देठ पडलेल्या देवदाराच्या मुळाला वळसा घालून वर आला होता. तो वळसा हेल्मीला स्वतःच्या बोटांइतका ओळखीचा होता.

"वा! वा!" चर्चच्या तळघरात कौतुकाचा गजर झाला. बाहेर सरोवरावरून फेब्रुवारीचे हिम येत होते. आत अंधार केलेली खोली, वेलदोड्याच्या पावाचा सुगंध आणि पडद्यावर जुलै महिना. रानफुलांच्या मंडळातील ही वृद्ध माणसे हिवाळ्यातील रविवारच्या दुपारी अशाच रीतीने सुसह्य करीत असत. आपापल्या स्लाइड्स आणायच्या, एकमेकांची फुले पाहायची. नियम एकच होता: फुलाची जागा विचारायची नाही, सांगायची नाही.

"बायकोचं वय सांगेन, पण जागा नाही सांगणार," असे ओन्नी हेइक्का दरवर्षी म्हणे, आणि त्याची बायको दरवर्षी त्याला कोपराने ढोसून म्हणे, "दोन्ही सांगू नकोस."

स्लाइड्स पडद्यावर दाखविणाऱ्या यंत्रापाशी लेलँड उभा होता. तो हेल्मीचा शेजारी. बायको वारल्यावर उबदार फ्लोरिडा सोडून मुलीकडे राहावयास आलेला, आणि मंडळातील सर्वांत नवा सभासद.

"हे झालं जुलैमधलं," तो म्हणाला. "आता पुढे बघा."

यंत्र खटकन वाजले. दुसऱ्या चित्रात तीच मोजडी एका हातगाडीत होती. मुळांसकट. मुळांना काळा चिखल लोंबत होता, आणि शेजारी फावडे धरून लेलँड हसत होता.



"हे काय केलंस रे मेल्या?" मागच्या रांगेतून इंकेरी ओरडली.

"थांब गं इंकेरी, खरी गंमत पुढेच आहे."

तिसरे चित्र हेल्मीच्या घराचे होते. स्वयंपाकघराची खिडकी, आणि खिडकीखाली दगडांनी आखलेले एक नवे आळे.

"हेल्मीचे गुडघे तिला आता दलदलीत जाऊ देत नाहीत," लेलँड सर्वांना उद्देशून म्हणाला. "म्हटलं, दलदलच तिच्या दारी नेऊ. सप्टेंबरात ती इस्पितळात होती ना, तेव्हाच उरकलं; तिला म्हटलं, साधी फुलझाडं लावलीत. हेल्मी, यंदा तुला फोटोची गरज नाही. भांडी घासता घासता बघ आपली!"

कोणीही टाळी वाजविली नाही. बी रुजल्यापासून पहिले फूल येण्यास त्या वनस्पतीला पंधरा-पंधरा वर्षे लागतात, आणि उपटलेली मोजडी परक्या मातीत बहुधा जगत नाही, हे त्या खोलीत लेलँडखेरीज सर्वांना ठाऊक होते. नदीच्या या काठावर तेवढा एकच गड्डा उरला होता. त्याची जागा हेल्मीने कोणालाही दाखविली नव्हती, नवऱ्यालादेखील नाही.

सर्वांना गहिवरून आले असावे, अशी लेलँडची समजूत झाली.

"आणि नुसती लावून सोडली नाही हां," तो पुढे म्हणाला. "रोज सकाळी तिच्यावरचा बर्फ खरडून काढतो. एवढ्या ओझ्याखाली गुदमरेल बिचारी."

हेल्मीने पेला बशीवर ठेवून दिला. फावड्याचा तो आवाज हेल्मी रोज सकाळी अंथरुणातून ऐकत असे, आणि आपली वाट मोकळी करून देणारा शेजारी किती सज्जन लाभला, असे मनाशी म्हणत असे.

"तुला ती सापडली कशी?" तिने विचारले.

"कशी म्हणजे? तूच तर दाखवलीस! गेल्या हिवाळ्यात, इथेच. तुझ्या स्लाइडमध्ये मागे, कोपऱ्यात, रेल्वेचा मोडका पूल होता. एवढासा. मी तो पूल शोधत बसलो. डासांनी फोडून काढलं मला, पण पूल सापडला. मग काय, सरळच!"

ते चित्र हेल्मीने स्वतः निवडले होते. कितीतरी चित्रांतून.

इंकेरी उठून उभी राहिली. "हेल्मी, तू सांगतेस का मी सांगू ह्याला?"

हेल्मीने हात वर करून तिला थांबविले.

"जूनअखेर फुलेल ना गं?" लेलँडने विचारले. पडद्याच्या उजेडात त्याचा चेहरा उजळलेला होता.

हेल्मी त्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"घरी जा, लेलँड," अखेरीस ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. काढलेला सगळा बर्फ परत तिच्यावर लोट. चांगला जाड थर दे. बर्फ म्हणजे गोधडी असते तिची."

"गोधडी?" त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे मी रोज तिला…"

"जा. उजेड आहे तोवर जा."

तो टोपी तिथेच विसरून, धडपडत जिना चढून गेला. वरचा दरवाजा आपटला.

"जगेल का गं?" ओन्नीच्या बायकोने हळूच विचारले.

"पुढे कोण?" एवढेच हेल्मी म्हणाली.

पाळी ओन्नीची होती. तो यंत्रापाशी गेला. आपली पहिली स्लाइड त्याने यंत्रात घातली नाही. दिव्यासमोर धरली आणि तिचे चारही कोपरे एकेक करून न्याहाळले. पुष्कळ वेळ न्याहाळले. नंतर ती सदऱ्याच्या खिशात घालून त्याने खिशाचे बटण लावले.

"माझ्या यंदा नीट आल्या नाहीत," तो म्हणाला.

कोणीतरी दिवा लावला. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. प्रत्येकाने स्लाइड्सची डबी मांडीवर ओढून घेतली होती, आणि झाकणावर दोन्ही हात ठेवले होते.