चहा छान झालाय

"अ‍ॅम्ब्युलन्स मिळणार नाही, ताई," फोनमधलं यंत्र म्हणालं. "ज्याला दुखतं तो सांगतो. तुमचे सासरे काही सांगत नाहीत. म्हणजे त्यांना दुखत नाहीये."

हेमांगी फोन धरून हॉलमध्ये नुसत्या येरझाऱ्या घालत होती. नाना खुर्चीत गप्प बसले होते. त्यांच्या मनगटावरच्या पट्ट्यात नाडी ठीक दिसत होती. गाडी पाठवायची की नाही हे आता यंत्रच ठरवायचं, आणि त्याला कारण पटवून द्यावं लागायचं.

"अरे, तुझं पहिलंच वाक्य चुकलंय! दुखत असून न सांगणारेही असतात."

"असतील. पण याआधी तुम्ही चौदा वेळा गाडी बोलावलीत. चौदाही वेळा गॅस निघाला. आजही गॅसच असणार."

"आज वेगळं आहे. नाना म्हणाले, चहा छान झालाय."

"ही तर चांगली गोष्ट आहे, ताई."

"चांगली कसली डोंबलाची! अकरा वर्षं रोज दोनदा चहा देते मी त्यांना. एकदाही छान म्हणाले नाहीत. पांचट, कडू, गार, काहीतरी असतंच!"

यंत्राने हिशोब केला. "म्हणजे साधारण आठ हजार वेळा?"

"हो रे बाबा!"

"चौदापेक्षा आठ हजार जास्त. गाडी निघाली."

हार्ट अटॅकच होता, पण वेळेत पोचले. संध्याकाळी आयसीयूत नानांनी डोळे उघडले आणि समोर उभ्या हेमांगीकडे बघून पुटपुटले, "सकाळचा चहा पांचट होता गं."

सकाळपासून पहिल्यांदाच हेमांगी खाली बसली.