बाबांचे गमबूट

गमबूट पुन्हा गाळात रुतला आणि मृदुलाच्या डोक्यात तिडीक गेली.

“आई, बाबांचे बूट तुला मोठे होतात, सांगितलं होतं ना! पक्षी उडाले बघ सगळे.”

“उडू देत. ते येतात परत,” डुगडुगत आई म्हणाली.

बाबा दर रविवारी या खाडीवर पक्षी बघायला यायचे. आई कधीच आली नव्हती. आज हट्टाने आली, ती बांध सोडून मुद्दाम चिखलातूनच चालली.

घरी आल्यावर तिने बूट दारात काढले आणि त्यांच्याकडे रोखून बघत कडाडली, “किती वेळा सांगितलं, अख्खी खाडी घरात आणू नका म्हणून!”

बाबा गेल्यापासून आईचा आवाज असा चढलाच नव्हता. बूट धुवायला आणलेली बादली मृदुलाने गुपचूप मागे नेली.