फ्रिजवरचा कागद

सहा महिन्यांच्या सोहमला घेऊन मी चार दिवस माहेरी, दुसरबीडला निघाले होते. दुसरं काहीच नको होतं, आईच्या घरी नुसतं झोपायचं होतं. मागून सासूबाईंचे किंवा नवऱ्याचे, राजकुमारचे फोन यायला नकोत म्हणून पोळ्या लाटता लाटता घराचे सगळे नंबर मोठ्या अक्षरात एका कागदावर उतरवले. गॅसवाला, दूधवाले काका, थोरल्या छकुलीच्या शाळेची व्हॅन, डॉक्टर, आठ दिवसांनी नळ सोडणारा तो भाऊसुद्धा. बंद पडलेल्या नंबरांच्या जागी विचारून विचारून नवे लिहिले आणि कागद फ्रिजवर चिकटवला.

माझा नंबर तेवढा मुद्दामच लिहिला नाही.

बसने लोणार सोडलं. सोहम मांडीवर झोपला, माझेही डोळे मिटत आले, तेवढ्यात सासूबाईंचा फोन.

"राखी वं, कागद त लय मस्त केला तुनं!"

मला बरं वाटलं. "सगळे नंबर आहेत ना, आई?"

 

"हाव, फक्त तुहाच राह्यला होता. राजकुमारनं सगळ्यात वर लिहून ठेवला. बरोबर हाय का, म्हनून लावून पाह्यला."