हाफ क्लच

समाधानच्या नव्या मोटारसायकलच्या क्लच प्लेटा चार हजार किलोमीटरमध्येच जळाल्या, पण मंचरच्या शोरूमने वॉरंटी नाकारली.

"तुमी हाफ क्लचवर चालवता, भाऊ. कंपनी न्हाई देणार," मेकॅनिक भरत म्हणाला.

"क्लचला उगाच बोट लावत न्हाई मी," समाधान हट्टाला पेटला. "मागं बसून बघा की!"

ट्रायलपुरत्या दुसऱ्या प्लेटा टाकून दोघे घोडेगावच्या रस्त्याला लागले. गाडी झकास पळत होती. भरतला वाटले, माणूस खरं बोलतोय, वॉरंटीचा अर्ज कंपनीकडे पाठवावा. तेवढ्यात समाधानच्या गावाचा फाटा आला आणि गाडी एकदम माणसाच्या चालीने जाऊ लागली. क्लच अर्धा दाबलेला, इंजिन नुसते घुमतेय, पुढेमागे चिटपाखरू नाही.

"सापडलात, राव!" भरत हसला. "मोकळ्या रस्त्याला कशाला हळू?"

"हे व्हय? आईला गाडीवर बसायचं लई भ्या. फाट्यापासनं ती कडंनं चालती, मी तिच्या चालीनं घेतो."

भरतने रस्त्याच्या कडेला पाहिले. तिथे वाळलेल्या गवताशिवाय काही नव्हते.

समाधानने हळूच ब्रेक दाबला.

"थांबू जरा. वारल्यापासनं लवकर दमती ती."